पोटातल्या पोराची शाळा

माझी थोरली जाऊ सायराकुल हिच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं आमच्या काराकोल गावात पुष्कळ सापडतील. ज्यांना चांगलं ऐकायचं असेल त्यांनी त्यांच्याकडे जावं. मी तिच्या अंगणात तीस वर्षं काढली. एका नळाचं पाणी भरलं, एकाच तंदूरमध्ये रोट्या लावल्या, आणि या तीस वर्षांत तिच्याशी मनापासून एकदाही हसले नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे या केंजेने गोड बोलून फसवलं असं पुढे कुणी म्हणायला नको.

दिसायला ती काठीसारखी. पांढरा रुमाल डोक्याला इतका घट्ट बांधायची की भुवया वर ओढल्या जायच्या, त्यामुळे ती सगळ्या जगाला सतत जाब विचारते आहे असं वाटायचं. आणि ती विचारायचीही. चहा पातळ का, पोरं अजून झोपली का, तुझ्या कोंबड्या माझ्या कांद्यात का. तळ्याकाठच्या आरोग्यधामात तिने चौतीस वर्षं चादरी धुतल्या आणि घरीही ती माणसांना चादरीसारखीच वागवायची. पिळायची, झटकायची, घडी घालून ठेवायची.

तिचं दुःख काय, ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. मेंढपाळाची पोर, गावातल्या किरगिझ शाळेत पहिला नंबर. सतराव्या वर्षी डॉक्टर व्हायला म्हणून राजधानीत गेली. तोंडी परीक्षा होती, आणि ती रशियनमध्ये. हिला शरीरातली दोनशे सहा हाडं पाठ होती, पण आपल्या भाषेत. समोरच्या बाईने दोन प्रश्न विचारले, हिने तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या दिवशी ती परत गावात. लग्न असो, बारसं असो, ती हे सांगायचीच. "दोनशे सहा हाडं येत होती मला! दोनशे सहा! पण विचारणारीला ऐकूच आली नाहीत." ऐकून ऐकून माझी स्वतःची दोनशे सहा हाडं दुखायला लागली होती.

आता माझं दुःख. ते मात्र गल्लीला माहीत असूनही कुणी बोलायचं नाही, कारण आमच्यात त्याला दुःख म्हणत नाहीत, रीत म्हणतात. सायराकुलच्या लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. मी धाकटी म्हणून आले आणि वर्षाच्या आत मला मुलगा झाला. सासूबाईंनी चाळिसाव्या दिवशी त्याला आंघोळ घातली, नव्या कापडात गुंडाळलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझी कूस चालती आहे. तुला आणखी होतील. हा थोरलीच्या मांडीवर जाऊ दे." मला कुणी विचारलं नाही आणि मी विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं. बावीस वर्षांची होते. अंगणातल्या अंगणात वीस पावलांवर माझा एर्मेक गेला. तीन आठवडे मी जर्दाळूच्या मुळाशी दूध पिळत होते. तो मोठा झाला तसा तिला आई म्हणायला लागला आणि मला काकू. पुढे मला तीन मुलं झाली, देवाची कृपा. पण पहिला तो पहिला.

तो सात वर्षांचा झाला तेव्हा मला वाटत होतं, त्याला गल्लीच्या टोकाच्या किरगिझ शाळेत घालावं. बाई काय बोलतात ते निदान कळेल. पण काकूला कोण विचारतो? सायराकुलने त्याला चौकातली जवळची रशियन शाळा सोडून बाजारामागच्या शाळेत घातलं, तीही रशियनच. घरात कुणाला रशियनची चार वाक्यं धड येत नव्हती, पोराला तर एकही नाही. मी तेव्हा त्याच शाळेच्या उपाहारगृहात पाव कापायला होते. वर्गशिक्षिका सायराकुलला बोलावून म्हणायची, मुलगा बोलत नाही. दोन वर्षं तो शाळेत चकार शब्द बोलला नाही. तिसऱ्या वर्षी बोलायला लागला तो अस्खलित रशियन, आणि मग आपल्या भाषेला गंज चढला. आजोबांशी बोलताना शब्द शोधायचा. त्याच सुमारास गल्लीतल्या एका आगाऊ बाईने त्याला जन्माची गोष्टही सांगून टाकली. दुसऱ्या दिवशीही मला काकूच म्हणाला.

सासरे गेले तेव्हा एर्मेक एकोणीस वर्षांचा. आमच्यात मयताच्या घरी लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारतात आणि घरातले पुरुष बाहेर काठीवर वाकून मोठ्याने शोक करतात. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचे गुण गाऊन, येणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं रडायचं असतं. सगळे नातू रडत होते. एर्मेक काठीवर वाकून उभा, खांदे हलत होते, तोंडातून शब्द नाही. वरच्या गावचा एक म्हातारा म्हणाला, "हा रशियन नातू मुकाच रडतोय." मागची पोरं हसली. मी तशीच उठले, नळापाशी सायराकुलला गाठलं आणि म्हटलं, "बघा तुमच्या शाळेचे गुण. पोराला स्वतःच्या आजोबासाठी रडता येत नाही." तिने हातातली बादली खाली ठेवली. "रडण्याचा पगार मिळत नाही, केंजे," म्हणाली. त्या दिवसापासून आमच्यात जे थोडं झाकलेलं होतं तेही उघडं पडलं.

एर्मेकने मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान टाकलं, बरं चालतं. बायको मात्र त्याने अशी आणली की मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. पेरिझात. किरगिझ शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवणारी! सायराकुलने तिच्या डोक्यावर सुनेचा पांढरा रुमाल घातला तेव्हा तिचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला होता. पेरिझात वाकून नमस्कार करायची, चहा ओतायची, सासूच्या आधी उठायची, रीतीत कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण तिलाही तोंड होतं.

तिला दिवस गेले आणि युद्ध सुरू झालं. पोटातलं पोर अजून वाटाण्याएवढं, आणि ते कोणत्या शाळेत जाणार यावरून घरात भांडी आपटत होती. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसला प्रकार. सायराकुलने जाहीर केलं की पहिलं नातवंड रीतीप्रमाणे ती वाढवणार, ते तिला आई म्हणणार आणि रशियन शाळेत जाणार. पेरिझात म्हणाली, "मूल तुमच्या मांडीवर खेळेल, आई. पण शाळेचं मी बघेन." त्यानंतर पंधरा दिवस सायराकुल सुनेच्या हातचा चहा प्यायली नाही. स्वतः उठून पाणी उकळायची, आणि किटली अशी ठेवायची की माझ्या घरात ऐकू यावं.

सातव्या महिन्यात तिने कळस केला. बाजारातून पाळणा आणला आणि स्वतःच्या खोलीत खाटेशेजारी मांडला. आता पाळणा मुलीच्या माहेरून यायचा असतो, तोही बाळ जन्मल्यावर. जन्माआधी रिकामा पाळणा घरात आणणं अशुभ, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर आजीने बांधलं होतं. पेरिझात तो पाळणा बघून माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"काकू, तुम्ही माझ्या बाजूने एकदा बोला. आई सगळ्यांसमोर फक्त तुम्हालाच घाबरतात."

"मला घाबरते? ती देवाला घाबरत नाही."

"घाबरतात. का ते मला माहीत आहे. मला मूल द्यायचं नाही, काकू. तुम्ही दिलंत, तसं मला जमणार नाही."

खरं सांगायचं तर तिच्या बोलण्याने मला आनंद झाला. सुनेची दया आली म्हणून नाही. अठ्ठावीस वर्षांनी माझ्या हातात एक काठी आली होती, म्हणून. मी म्हटलं, "तुझ्या आईला बोलावून घे. विहिणीसमोर होऊ दे काय ते."

विहीणबाई तुर्सुनाय पुढच्या रविवारी आली, गाडीच्या टपावर स्वतःचा पाळणा बांधून! अशुभ नको म्हणून तो खाली उतरवला मात्र नाही. जाडजूड, हसरी बाई, गावाकडची. माझे यजमान मेंढरांमागे वर कुरणात होते, थोरले दीर जाऊन पाच वर्षं झालेली, त्यामुळे जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाभोवती आम्ही पाचच. सायराकुल, मी, पेरिझात, एर्मेक आणि विहीण. मेंढा कापला होता. सायराकुलने रीतीप्रमाणे कंबरेचा मानाचा तुकडा विहिणीपुढे ठेवला, पण ठेवला असा की कुत्र्याला टाकावा.

"विहीणबाई," तुर्सुनाय हसतच म्हणाली, "पाळणा आमच्याकडून यायचा असतो. तुम्ही तर आधीच दुकान मांडलंत."

"तुमच्याकडून जे यायचं ते आलं," सायराकुल सुनेकडे बघत म्हणाली. "तेवढं पुरे."

"मुलगी आवडली नसेल तर परत नेते. पण आता ती दोन जणांची आहे, टपावर मावायची नाही."

एर्मेकला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. सायराकुलला मात्र झोंबलं.

"हसा. खुशाल हसा. माझं नातवंड तुमच्या मुलीच्या शाळेत जाऊन काय होणार आहे? चादरी धुणार?"

"आता तो काळ राहिला नाही, आई," पेरिझात म्हणाली. "आता डॉक्टरकीची परीक्षा आपल्या भाषेत देता येते."

"देता येते. आणि औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते कोण वाचणार? तुझी आई?"

"मी कशाला वाचू?" तुर्सुनाय म्हणाली. "मी वास घेऊन सांगते."

"कानामागून आली आणि तिखट झाली, ती कुणावर गेली ते कळलं," सायराकुल म्हणाली. "ऐक सूनबाई. ज्या मांडीवर मूल वाढतं, ती मांडी शाळा ठरवते. हे मी काढलेलं नाही. आपल्याकडे असंच चालत आलं आहे."

"मग मूल माझ्याच मांडीवर राहील," पेरिझात म्हणाली. मान वर होती. आणि तिने माझ्याकडे बघितलं.

मी याच क्षणाची वाट बघत होते. हातातली सुरी खाली ठेवली.

"जाऊबाई, एक पोर तुमच्या हाती दिलं होतं. त्याचं काय केलंत ते सगळ्यांनी बघितलंय. दुसरं कोणत्या तोंडाने मागता? तुमच्या त्या शाळेने माझा..." अठ्ठावीस वर्षांत मी या घरात हा शब्द उच्चारला नव्हता. जीभ चावली, पण मग म्हटलं होऊन जाऊ दे. "माझा मुलगा दोन वर्षं मुका केला. तुमच्या हाडांपायी! तुम्हाला डॉक्टर होता आलं नाही म्हणून सात वर्षांच्या पोराला परक्यांत नेऊन टाकलंत. त्याला काय वाटलं असेल, कधी विचारलंत?"

सायराकुलचा चेहरा तिच्या रुमालापेक्षा पांढरा झाला होता. मला फार बरं वाटलं. तेवढं बरं वाटण्याचा हक्क मला होता असंही वाटलं.

"मी सांगतो काय वाटलं ते," एर्मेक म्हणाला.

तो जेवताना बोलत नाही, कुणी भांडत असेल तर मुळीच नाही. त्याने हात पुसले. ओरडलाही नाही.

"मी शाळेमुळे मुका झालो नव्हतो, काकू. पहिला आठवडा होता. मला लघवीला लागली होती आणि कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं. वर्गातल्या बाईंना आपली भाषा येत नव्हती. मधल्या सुट्टीत पावाच्या खिडकीत तुम्ही दिसलात. मी रांगेत उभा राहिलो, माझा नंबर आला, आणि विचारलं, काकू, लघवीला कुठे जायचं? आपल्या भाषेत विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि रशियनमध्ये म्हणालात, 'पुढचा.'"

पेरिझातने तोंडावर हात ठेवला.

"मी हललो नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. परत विचारलं. तुम्ही परत म्हणालात, 'पुढचा.' मग तिथेच झाली. पायावरून, बुटात. सगळी रांग हसली. मला वाटलं, या इमारतीत आपली भाषा बोललं की घरची माणसंसुद्धा ओळख विसरतात. म्हणून मग बोललोच नाही. कुणाला सांगावंसं वाटलं नाही. आज तुम्ही आईला बोललात म्हणून."

'आई' म्हणताना त्याने सायराकुलकडे बघितलं होतं.

मला वाटलं, आता सायराकुल उठेल आणि माझ्या झिंज्या धरेल. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. पण ती बसून राहिली. माझ्याकडे बघत होती, जसं काही मी तीस वर्षांत आजच पहिल्यांदा या घरात आले आहे.

"मला बाई म्हणाल्या, पोर घाबरट आहे, चड्डीत करतं," ती हळू म्हणाली. "मी त्याला मारलं त्या दिवशी." मग समोरचं ताट बाजूला सारलं. "केंजे, चौकातली रशियन शाळा आपल्या दारासमोर होती. ती सोडून मी त्याला रोज वीस मिनिटं चालवत बाजारामागे नेलं. बर्फात नेलं. कशाला नेलं असेन?"

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते की तिथे डॉक्टरांची पोरं जातात, म्हणून मिरवायला नेलं.

"तू तिथे होतीस म्हणून," सायराकुल म्हणाली. "म्हटलं, पोराला भाषा येत नाही, पण त्याची आई तिथे आहे. अडलं नडलं तर बघेल."

तिच्या तोंडून माझ्यासाठी तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

तुर्सुनाय खाली मान घालून बोर्सोकचे, तळलेल्या पिठाचे, तुकडे गोळा करत बसली. मी काय सांगणार होते? की मला ऐकू आलं नाही? ऐकू आलं होतं, दोन्ही वेळा. मी रागात होते. मला वाटत होतं, घ्या तुमची रशियन शाळा, मी एका शब्दाची मदत करणार नाही. महिनाभर पोराचं अडू दे, रडू दे, मग सायराकुल हरेल, त्याला काढून गल्लीतल्या शाळेत घालावं लागेल, आणि मग लोक म्हणतील, बघा, केंजेचंच खरं होतं. पोर हरलं की मी जिंकणार होते. पुढे तो मुका राहिला तेव्हा मी खिडकी उघडून त्याला हाक मारू शकले असते. एकदा नाही, रोज. पण तोपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं की दोष शाळेचा आहे, आणि सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं.

एर्मेक उठला. "मूल पेरिझातजवळ राहील," म्हणाला. "कुणाच्याच मांडीवर द्यायचं नाही. शाळेत तिच्याच वर्गात बसेल. काही विचारलं तर उत्तर तरी मिळेल." सायराकुलने एवढंच विचारलं, "आणि रशियन?" तो म्हणाला, "रशियन मी शिकवीन, घरी." तिने मान हलवली. तीस वर्षांत ती कुणासमोर अशी झटकन नमलेली मी बघितली नव्हती, आणि ते बघण्यात मला काडीचाही आनंद झाला नाही.

डिसेंबरात मुलगी झाली. ती पेरिझातच्या खोलीत झोपते, तिलाच आई म्हणेल.

मी वाट बघत होते की सायराकुल आता मला गल्लीभर बदनाम करेल. मी तिला केलं होतं, अठ्ठावीस वर्षं, एकही चहा न चुकवता. तिने कुणाला काही सांगितलं नाही. विहिणीलाही हात जोडून सांगितलं म्हणे, की ही गोष्ट दस्तरखानावरच राहू दे. मला त्याचाही राग आला. एक शिवी दिली असती तर आमचं पूर्वीसारखं चाललं असतं. मागच्या आठवड्यात मी तिला तंदूरपाशी एकटीला गाठलं आणि म्हटलं, "जाऊबाई, बोला ना काहीतरी." तिने रोटी पलटली. "काय बोलू?" म्हणाली. "मी तर त्याला रोज तुझ्याकडेच धाडत होते."